सात गाठींचं पुडकं

बाई, तुमच्या तेरवीला आलेला आहेर तुम्ही पाहिला असता, तर निम्म्या लोकांना दारातूनच परत पाठवलं असतं. प्लास्टिकच्या पिशव्या, त्यांना टोचलेल्या पिना. दादांची टॉवेल-टोपी वर्तमानपत्रात गुंडाळलेली आणि वर रबर. बायको गेलेल्या माणसाला रबर लावून टोपी द्यायची! मी ते पाहिलं आणि एवढ्या माणसांत मला हसू फुटलं. घाईघाईनं तोंडाला पदर लावला. बायकांना वाटलं धाकटी जाऊ रडतेय, म्हणून दोघी-तिघी पाठीवरून हात फिरवायला आल्या. मग मात्र खरंच रडू आलं.

त्याला आज पाच दिवस झाले. दिवाळी पंधरवड्यावर आली आहे. दरवर्षी या सुमाराला इतवारीच्या जुन्या घरून तुमचा निरोप यायचा, "कागद काढले, ये." यंदा तो येणार नाही, म्हणून मीच लिहायला बसले. शिवाय तुमच्याशी एकदा खोटं बोलले होते, त्याला दहाएक वर्षं झाली. तुमच्या तोंडावर ते कबूल करायची हिंमत झाली नाही. तुम्ही गेल्यावर करतेय, म्हणजे मी किती शूर आहे ते बघा.

पण ते नंतर. आधी तुम्हाला जरा छळते.

मी लग्न होऊन आले तेव्हा खाली कापडाचं दुकान आणि वर आपण सगळे. दिवाळीच्या आधी आठ दिवस, दुपारची जेवणं आटोपली की मधल्या खोलीत तुमचा कारखाना सुरू व्हायचा. सतरंजी अंथरून मधोमध तुम्ही बसायचात, भोवती साड्या, खण, भाच्यांची खेळणी, व्याह्यांकडे जायचे लाडवांचे डबे. भेट गुंडाळायचा म्हणून वेगळा कागद तेव्हा कोण विकत होतं? आणि विकत असतं तरी तुम्ही घेतला नसता. संक्रांतीला उरलेले पतंगी कागदाचे ताव तुम्ही गादीखाली वर्षभर सपाट करून ठेवायचात. दुकानातल्या कापडाच्या ठाणांवर सोनेरी छापाची तिकिटं यायची, हत्तीची, मोराची, कमळाची. ती पाण्यात भिजवून अलगद सोडवायची आणि उन्हात वाळवायची, हे काम तुम्ही दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. आणि दोरा खाप्याचा. खाप्याला तुमच्या माहेरी माग होता. साडी विणून उतरवली की मागावर टोकाचे धागे उरायचे, ते तुमचे वडील टाकून देत नसत. वर्षभराचे साठवून दिवाळीला त्यांचा एक गठ्ठा पाठवत. राणी रंगाचे, जांभळे, हळदी धागे. लेकीला माहेरून साडी येते, तुम्हाला साडीची टोकं यायची, आणि तुम्ही त्यावर जास्त खूश असायचात.

खळ नाही, डिंक नाही, टाचणी नाही. नुसत्या घड्या आणि दोरा. डब्याच्या डोक्यावर कागदाच्या तुम्ही अशा चुण्या घालायचात की वाटावं, डब्यानं लुगडं नेसलंय. सगळ्यात शेवटी सुरगाठ. उजवीकडचं एक टोक ओढलं की आख्खं पुडकं हातात मोकळं. दोऱ्याला कात्री लावायची नाही, हा तुमचा कायदा. सणाच्या भेटीला कात्री लागली की नात्याला लागते, असं तुम्ही म्हणायचात आणि निरगाठ दिसली की सापाचं पिल्लू दिसल्यासारख्या मागे सरायचात.

मला यातलं काय कळणार? आमचं माहेर नोकरदारांचं. आमच्याकडे भेट म्हणजे पिशवीतून काढून हातात ठेवायची. पहिल्या पाडव्याला तुम्ही मला पुडकं दिलंत. मोरपंखी कागद, वर सोनेरी मोर. मी आनंदाच्या भरात ते चर्रकन फाडलं. आत खण निघाला, तो गालाला लावला आणि वर पाहते तर सगळे माझ्या हातांकडे बघतायत. सासूबाईंच्या हातातली माळ थांबलेली. तुम्ही खाली वाकून तुकडे गोळा करत होतात. मोराची मान एकीकडे, पिसारा एकीकडे.

"अवं सुमन," तुम्ही म्हणालात, "कागद होता थो, वैरी नोहता."

मीही काही कमी नव्हते. म्हटलं, "पण बाई, भेट तर आत असते ना? वरच्याचं काय इतकं?"

"आत तं असतेच. पण गाठ सोडेपर्यंत माणूस देणाऱ्याचा इचार करते. फाडलं का इचार गेला."

हा आपला पहिला वाद. तो आपण वीस वर्षं घातला. मी म्हणायचे, आतली वस्तू खरी. तुम्ही म्हणायचात, वस्तू तर दुकानदार देतो, आपण देतो ती घडी. माझी बाजू भक्कम होती, कारण माझ्याकडे वर्ध्याच्या सुधाताईंचे लाडू होते. आठवतं ना? आपल्या नणंदेला तुम्ही एका वर्षी बेसनाच्या लाडवांचा पुडा असा काही बांधून पाठवलात, चारी बाजूंना सोनेरी हत्ती, वर जांभळा गोंडा, की त्यांना तो सोडवेना. त्यांनी तो बैठकीच्या कपाटात काचेमागे ठेवला. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायच्या, आमच्या वहिनीच्या हातचं आहे म्हणून. आत खायचं आहे हे त्यांना सुचलंच नाही, त्यांना वाटलं शोभेचंच काही असेल. होळीच्या आसपास बैठकीत खवट वास सुटला. सुधाताईंच्या यजमानांनी आधी उंदीर मेला म्हणून सगळी आलमारी सरकवली, मग भिंतीमागची मोरी उकरली. शेवटी वास हत्तींमधून येतोय असं कळलं.

मी हे पोट धरून हसत तुम्हाला सांगितलं. म्हटलं, "घ्या! इतकं सुंदर कशाला बांधायचं की माणूस उपाशी राहील?" तुम्ही जराही न हलता विचारलंत, "गाठ कशी निंघाली?" सुरगाठ एका झटक्यात निघाली म्हटल्यावर तुमच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, ते मी दुसऱ्या कुणाच्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नाही. लाडू गेले चुलीत.

तुमचे कायदे मी फक्त कागदापुरते मोडले असते तर बरं होतं. एकदा शेजारच्या मावशींची वाटी परत करायला निघाले. चांगली घासूनपुसून घेतली होती. तुम्ही मागून धावत आलात, जिन्यात गाठलंत आणि मुठीतली साखर वाटीत ओतलीत. "रिकामं भांडं परत करते का वं कोणी? त्यायच्या घरी रिकामपण पाठवून राहिली का?" मी म्हटलं, साखर त्यांच्याकडेही असेल की. तुम्ही कपाळाला हात लावलात. साखरेची मूठ ओली होती, कपाळाला चार दाणे चिकटले. ते तसेच घेऊन तुम्ही दिवसभर घरात फिरत होतात आणि मी सांगितलं नाही. हेही आज कबूल करते, पण हे ते खोटं नव्हे.

मी डावखुरी. शाळेत त्यासाठी हातावर पट्ट्या खाल्ल्या. सासरी आल्यावर सासूबाईंनी डाव्या हातानं वाढू दिलं नाही. उजव्या हातानं वाढताना माझी आमटी ताटाबाहेर जायची, तर "शिकलेली आहे ना!" असा टोमणा. या घरात माझ्या हाताला नाव न ठेवणाऱ्या एकट्या तुम्ही होतात. तुम्ही मला समोर बसवून सुरगाठ शिकवायला लागलात. मी बांधलेली गाठ दिसायला तुमच्यासारखीच असायची, पण उलटी. तुमची उजवीकडून सुटायची, माझी डावीकडून. घरातले सगळे उजवं टोक ओढणारे, त्यामुळे माझी सुरगाठ त्यांनी ओढली की आवळून निरगाठ व्हायची. एकदा सासूबाईंनी वैतागून माझं पुडकं विळीवर धरलं. तुम्ही विळीआडवा हात घातलात. मग खिडकीत बसून, सुईनं खोदून खोदून ती गाठ सोडवलीत. तास गेला. दोरा अखंड निघाला तेव्हा मला दाखवलात आणि म्हणालात, "सुटत नाही अशी गाठच नसते वं. बसाची तयारी पाह्यजे."

हे वाक्य मी तेव्हा नीट ऐकलं असतं तर पुढची दहा वर्षं सुखानं झोपले असते.

पुढे आपण वेगळे झालो. ह्यांना जरीपटक्याच्या बाजारात तयार कपड्यांचं दुकान टाकायचं होतं, दादांना ते मान्य नव्हतं. भावाभावांत दोन महिने धुसफूस चालली आणि शेवटी आम्ही सामान बांधलं. आपण दोघी त्या भांडणात नव्हतो. तुम्ही मला धान्याचे डबे भरून दिलेत, दोऱ्याच्या गठ्ठ्यातला अर्धा गठ्ठा दिलात. आणि गाडी भरत असताना, दारात चार नातेवाईक उभे असताना, कुणीतरी विचारलं की काय झालं हो एकाएकी? तेव्हा तुमच्या तोंडून गेलं, "डेबऱ्या हाताची सून आणली, तं गाठ उलटीच बसन ना."

डेबरा. डावखुऱ्याला आपल्याकडे हिणवून म्हणतात तो शब्द. सासूबाई म्हणाल्या असत्या तर मी ऐकून सोडून दिलं असतं. त्या माउलीला मी तेवढी सूट दिलेलीच होती. पण तुम्ही म्हणालात, बाई. मी गाडीत बसले आणि मागे वळून पाहिलं नाही. तुम्ही जिन्यातून काहीतरी बोललात, तेही ऐकलं नाही.

मग दिवाळी आली. तुमचा निरोप आला नाही. आता वाटतं, कुठल्या तोंडानं पाठवणार होतात? पण तेव्हा माझ्या डोक्यात राख गेली होती. आदल्या वर्षीच्या दिवाळीला तुम्ही मला स्टीलचा पेढेघाटी डबा दिला होता. इतवारीत भांड्यांच्या ओळीत स्वतः उभं राहून झाकणावर नाव कोरून घेतलं होतं, "चि. सौ. सुमनला." मी तो डबा काढला. घासला. रिकामाच कागदात गुंडाळला, माझं नाव कोरलेला डबा, रिकामा. तुम्हीच दिलेला राणी रंगाचा दोरा घेतला आणि त्यावर सात निरगाठी मारल्या. एकेक गाठ दातांनी आवळली. ह्यांना म्हटलं, इतवारीला जाताय तर बाईंना हे द्या, दिवाळीचं आहे. हे बिचारे सायकलला लावून घेऊन गेले. भावजयीला भेट पाठवली म्हणून माझ्यावर खूश होते.

मी वाट पाहिली. तुम्ही चिडाल, निरोप पाठवाल, निदान दादा येऊन ह्यांना बोलतील. काहीच आलं नाही. दोन वर्षं काहीच नाही. कागदाचे ताव मी तेव्हाही गादीखाली ठेवत होते, पण ते कुणाला सांगितलं नाही.

सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा मला इतवारीला यावंच लागलं. तुम्ही स्वयंपाकघरात चहा टाकला होता. कप माझ्यापुढे ठेवला, दांडी डावीकडे करून. एवढ्यानंच माझं अर्धं अवसान गेलं. मग तुम्ही गाळणं झटकता झटकता, माझ्याकडे न बघता विचारलंत,

"थ्या पुडक्याच्या गाठी डाव्या हातानं चुकूनच झाल्या ना वं?"

मी म्हटलं, "हो बाई. चुकून झाल्या."

हे ते खोटं. चुकून एकही झाली नव्हती.

"मले वाटलंच," तुम्ही म्हणालात. "काही हरकत नाही. कात्री नाही लावली मी. बसून बसून सोडीन."

म्हणजे पुडकं अजून उघडलंच नव्हतं! माझा जीव भांड्यात पडला आणि लगेच भांड्यासकट उडाला. आज ना उद्या सातवी गाठ सुटणार, आतून रिकामा डबा निघणार, झाकणावर माझंच नाव, आणि तुम्हाला कळणार की ती भेट नव्हती, तुमची भेट तोंडावर फेकली होती. तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. पण चहा इतका चांगला झाला होता आणि दोन वर्षांनी आपण बोलत होतो. माझ्याच्यानं ते मोडवलं नाही.

त्यानंतरच्या सगळ्या दिवाळ्या माझ्या कशा गेल्या, ते आता सांगते. मी पुन्हा आठ-आठ दुपारी तुमच्याकडे येऊ लागले. तुम्ही बांधायचात, मी कागद कापून द्यायचे आणि वाद घालायचे. आणि मध्येच, चुणी घालता घालता, तुम्ही सहज म्हणायचात, "सुमन, दोन सुटल्या वं. पाच राह्यल्या." माझ्या हातातला कागद वाकडा कापला जायचा. एखाद्या वर्षी, "यंदा नाही सुटली, डोये साथ देत नाही." मला हायसं. पुढच्या वर्षी चष्मा बदलला आणि एकदम दोन सुटल्या. त्या चष्मेवाल्याला मी मनातल्या मनात काय काय बोलले.

"बाई, जुनं पुडकं ते. द्या ना टाकून," मी म्हणायचे.

"काहून टाकू? तू एवढ्या मायेनं पाठवलं."

"काही खास नाही त्यात."

"काय हाये तरी काय त्यात?"

"आठवत नाही."

"आठवत नाही तं मंग मजाच हाये," तुम्ही म्हणायचात, आणि पुन्हा चुण्या घालायला लागायचात. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं माझं झालं होतं. पुडक्याचा विषय निघाला की मी काहीतरी सांडायचे तरी, नाहीतर पाणी प्यायला उठायचे.

एकदा तर मी ते चोरायला गेले. तुम्ही शेजारी हळदीकुंकवाला गेला होतात. मी तुमचं कपाट उघडलं, खालच्या खणात हात घातला, पुडकं बोटांना लागलं, आणि तुम्ही दारात. वाण विसरलं म्हणून परत आला होतात. मी म्हटलं, "डांबराच्या गोळ्या शोधून राहिले." तुम्ही म्हणालात, "त्या संडासात आहेत." आणि वाण घेऊन निघून गेलात. जिन्यात तुम्हाला ठसका लागला होता. मी तो ठसकाच समजले, बाई. वीस वर्षांच्या ओळखीनंतरही!

गेल्या काही वर्षांत बाजारात छापील, चकचकीत भेटीचे कागद आले. जरीपटक्यात ढिगानं मिळतात. मी मोठ्या हौसेनं चार ताव आणि चिकटपट्टीचं रीळ घेऊन तुमच्याकडे आले. एक खोकं झटपट बांधून दाखवलं. पाच मिनिटांत काम. तुम्ही ते हातात घेऊन सगळीकडून फिरवलंत, पट्ट्या मोजल्यात आणि विचारलंत, "पुडकं बांधलं का जखम बांधली?" मी रागावून रीळ पिशवीत टाकलं. पण त्यानंतर मला स्वतःलाच चिकटपट्टी लावताना दवाखान्यात असल्यासारखं वाटायला लागलं. असे तुम्ही माझे किती सोयीचे मार्ग बंद केलेत.

मागच्या दिवाळीला तुमची बोटं थरथरत होती. चुण्या पहिल्यासारख्या बसत नव्हत्या, आणि ते तुम्हालाच आधी दिसत होतं. मी म्हटलं, "बाई, राहू द्या, मी घालते." तुम्ही दिलंत. वीस वर्षांत पहिल्यांदा घडीचा कागद माझ्या हातात दिलात. मी घालत असताना तुम्ही माझ्या हाताकडे बघत होतात, डाव्या. आणि म्हणालात, "एकच राह्यली वं सुमन. पण भल्ली चिवट आहे."

मी त्या दिवशी जवळजवळ सांगितलंच होतं. 'बाई, त्यात' इथपर्यंत म्हटलं. तुम्ही म्हणालात, "चुनी सुटून राह्यली, तिकडं पाह्य." आणि मी तिकडं पाहिलं.

तेरवीची माणसं पांगल्यावर तुमची सून नंदा माझ्याजवळ आली. हातात ते पुडकं. "काकू, आईंनी हे तुमच्यासाठी ठेवलं होतं. म्हणे, सुमनलेच देजो. आन् कात्री लावू देजो नोको."

मी ते पिशवीत घालून घरी आणलं आणि चार दिवस हात लावला नाही. कागद माझाच होता, विटलेला. राणी रंगाचा दोरा तसाच होता, त्या रंगाला काही होत नाही. वर सात गाठी. सात? एकच राहिली होती ना? मला वाटलं, माझी दिशाभूल केलीत, एकही सुटली नव्हती तर. आज दुपारी चष्मा लावून, सुई घेऊन, खिडकीत बसले. म्हटलं, तुम्ही बसलात तशी मीही बसेन, दिवाळीपर्यंत वेळ लागला तरी चालेल. सुई टोचायच्या आधी सवयीनं टोक ओढून पाहिलं. डाव्या हातानं, डावीकडचं.

गाठ सुटली. म्हणून दुसरी ओढली, तीही सुटली. सातही एकामागून एक सुटल्या. त्या निरगाठी नव्हत्याच, सुरगाठी होत्या. आणि तुमच्या नव्हत्या, माझ्या होत्या, डावीकडून सुटणाऱ्या. दोरा कुठेही कापलेला नव्हता. माझ्या जुन्या गाठी जिथे होत्या, तिथे तो अजून चुरगळलेला होता.

आत डबा. "चि. सौ. सुमनला." झाकण घट्ट बसलं होतं, गुडघ्यात धरून उघडलं. डबा गळ्यापर्यंत खडीसाखरेनं भरलेला.

मी तशीच पदर खोचून रिक्षानं इतवारीला गेले. दादा बैठकीत एकटेच होते. त्यांना विचारलं, बाईंनी ते पुडकं कधी सोडलं होतं?

"थे?" दादा म्हणाले. "थे तं आलं त्याच दिवशी सोडलं तिनं. जेवली नाही, सांजवेळपर्यंत बसली. डबा पाह्यला अन् लय रडली. म्हणे, माह्याच तोंडानं गेलं, माह्याच घरी आलं. मंग खडीसाखर आणाले लावली मले."

"मग परत का नाही पाठवलं?"

"गाठ जमे ना! डाव्या हातानं बांधत बसे. मी म्हटलं, काय करून राह्यली वं हे? तं म्हणे, सुमनले सोडता आली पाह्यजे. तिले जमली थोवर तुमचं बोलणं चालू झालं होतं. मंग म्हणे, राहू द्या आता, हे मोजाची मजा येऊन राह्यली."

म्हणजे चहाच्या वेळी तुम्हाला सगळं माहीत होतं. गाळणं झटकत, माझ्याकडे न बघता 'चुकूनच झाल्या ना' असं विचारलंत, तो प्रश्नच नव्हता. ती मला सुटायला दिलेली वाट होती. मी वर्षानुवर्षं मरत होते आणि तुम्ही तुमच्या कपाटात माझ्यासाठी भरलेला डबा ठेवून माझी फजिती बघत होतात. बाई, हे बरं केलं नाहीत. आणि याहून चांगलं माझ्यासाठी कुणी काही केलेलंही नाही. 'डेबरा' म्हणाल्याबद्दल तुम्ही कधी माफी मागितली नाहीत, म्हणून माझ्या मनात एक कुसळ राहिलं होतं. माफी तुमच्या खालच्या खणात होती आणि मी तिला हात लावून, डांबराच्या गोळ्यांचं नाव सांगून परत आले होते.

आपला वाद मी हरले. आतली वस्तू खरी की वरची घडी, हे विचारायला आता तोंड राहिलं नाही. आतला डबा माझाच होता. तुम्ही दिलीत ती गाठच.

आता एक अडचण आहे. डबा माझ्याकडे आलाय आणि रिकामा डबा परत करायचा नसतो, हे मला जिन्यात साखर ओतून तुम्हीच शिकवलंत. पण परत कुणाला करू? खूप विचार केला. यंदा आपल्या दोन्ही घरांत दिवाळी नाही, तळण नाही, कंदील नाही. पण खडीसाखरेला कुठलं सुतक? तुमची थोडी ठेवून त्यात माझी थोडी घालीन आणि नंदाला देईन. कागद गादीखालून काढला आहे. मोरपंखी आहे. चुण्या बऱ्या पडल्या, तुम्ही बोट घालून एखादी सरळ केली असतीत इतपतच.

अडलंय ते गाठीवर. नंदा उजव्या हाताची. तिला सोडता यायला हवी, म्हणून मी तुमची उजवी सुरगाठ शिकायला बसले आहे. राणी रंगाचा तोच दोरा. इतवारीहून आल्यापासून तीनदा बांधली, तीनदा ओढून पाहिली. तिन्ही वेळा निरगाठ झाली, बाई, आणि या खेपेला अगदी खरोखर चुकून.